शेवट सांगणारा ब्लॉग

किशोर कादंबऱ्यांवरच्या माझ्या ब्लॉगवर एक तक्रार नेहमी येते: शेवट कशाला सांगता? काल कपाटातल्या पुस्तकांत कसर लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला ठेवताना त्याचा वास आला आणि पवनारचा बसथांबा आठवला.

लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी आलेली माझी मैत्रीण सुनंदा सासरी परत निघाली होती. न्यायला आलेला दीर तिची पिशवी धरून पुढे उभा होता. वाचनालयातली कादंबरी तिची अर्धीच वाचून झाली होती. पुस्तक माझ्या हातात देत तिने हळूच विचारले, "थे पोट्टी शेवटी शिकाले जाते का वं?"

"सांगितलं तं मजा जाईन."

"मजा जाऊ दे. तिकडे कोन वाचू देते मले? सांग लवकर, बस येऊन राह्यली."

"जाते. एकटी जाते."

"बरं झालं," ती म्हणाली आणि बसमध्ये चढली. पुस्तकाच्या पानांना पाल्याचा कडू वास होता.

तेव्हा वाटले होते, तिने गोष्टीची मजा घालवली. आता प्रत्येक लेखाच्या तळाशी, आधी सूचना देऊन, मी शेवट लिहिते. अर्धे पुस्तक परत करावे लागलेली कुणीतरी तिथपर्यंत येत असेल.