इनासच्या डिस्कवरचा आवाज

इनासच्या नंबरवरून फोन आला, म्हणून मी नेहमीसारखं "बोल रे बाबा" म्हटलं. पलीकडे त्याची बायको होती, फिलोमेना. "बाई, इनास गेला," एवढंच म्हणाली. सकाळी केळीला पाणी सोडायला वाडीत गेला आणि तिथेच, बसल्या जागी... परवा चर्चमध्ये त्याची महिन्याची मिस्सा, म्हणजे त्याच्यासाठीची प्रार्थना, झाली. मी शेजारच्या आचोळ्याची, हिंदू घरातली, मिस्सेतलं मला ओ की ठो कळत नाही. पण मागच्या बाकावर बसून पोटभर रडून घेतलं.

वसईच्या भुईगावात घराच्याच पुढच्या खोलीत त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. सहा वर्षांपूर्वी, मी शाळेतून निवृत्त झाले त्या सुमारास, माझा कॉम्प्युटर टक्... टक्... करत अडकायला लागला, तेव्हा मी तो रिक्षात घालून त्याच्याकडे नेला. नेण्याआधी दहा वेळा तरी बंद-चालू करून पाहिला होता आणि ते त्याला मोठ्या फुशारकीने सांगितलंही. त्याने कपाळाला हात लावला. आधी केबल बदलून पाहिली, मग स्क्रूड्रायव्हरचं टोक डिस्कवर टेकवून मूठ कानाला लावली आणि डोळे मिटून ऐकत बसला. "केबल बरी आहे. डिस्कच चाललीय, बाई. दर वेळी चालू केलीत, तेवढं तिचं आयुष्य घटलं. आता चालेल तेवढीच. आ... आधी काय काढू?" तो बोलताना अडखळायचा. मी म्हटलं, सगळं. तर म्हणे, "सगळं आधी होत नाही," आणि कागद-पेन्सिल पुढे सरकवली. अशी यादी घेतल्याशिवाय तो कुणाच्याच डिस्कला हात लावत नसे. मी शहाणीने सगळ्यात वर पेन्शनची कागदपत्रं लिहिली, मग मुलीच्या लग्नाचे फोटो, आणि सगळ्यात खाली शाळेतल्या पोरांचे फोटो. खालचं तेवढं गेलं, बाकी सगळं नव्या डिस्कवर आलं. पेन्शनचे कागद काय, चार खेटे घातले असते तर पुन्हा मिळाले असते. पोरं कुठून आणू? "यादी तुमचीच होती" असं तो म्हणू शकला असता. म्हणाला नाही, आत जाऊन चहा सांगून आला.

तेव्हापासून दुपारची मी तिकडेच पडीक असायचे. घरी बसून करायचं काय? बघता बघता मीही शिकले. मरणाऱ्या डिस्कवरून कॉम्प्युटर सुरू करायचा नाही, ती काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडायची. यादीतलं पहिलं ते पहिलं उतरवायचं. तापली की थांबायचं. माझ्याकडून त्याने एकच गोष्ट घेतली. रविवारच्या मिस्सेत अधूनमधून त्याची बायबल वाचनाची पाळी असे. अडखळायची धास्ती, म्हणून तो आठवडाभर कॉम्प्युटरवर स्वतःचं वाचन रेकॉर्ड करायचा आणि मला ऐकवायचा. मी मास्तरीण, मला तेवढंच पाहिजे. "स्वल्पविरामाला थांब. श्वास घे. घाई कुणाला झालीय?" चुकलेलं तो लगेच पुसून टाकायचा. चर्चमध्ये वाचताना मात्र एकदाही अडला नाही. एरवी मोबाइल समोर धरला की हा गप्प. निरोपसुद्धा लिहूनच पाठवायचा, बोलून कधीच नाही. त्याला सारखं टोकत राहिले याचं आता फार वाईट वाटतं.

मिस्सेनंतर फिलोमेनाने मला घरी थांबवून घेतलं. इनासचा स्वतःचा कॉम्प्युटर सुरू होत नव्हता. गावाच्या डिस्का बदलणाऱ्या या माणसाने स्वतःची जुनी डिस्क तशीच रेटली होती, आणि महिनाभर ही बाई रोज बटण दाबून बघत होती... "अगं, हात लावू नकोस त्याला!" मी केवढ्यांदा ओरडले. मग माझीच मला लाज वाटली. केबल बदलली, काही फरक नाही. त्याचाच स्क्रूड्रायव्हर कानाला लावला. आत टक्... टक्... चाललं होतं. डिस्क काढून टेबलावरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडली आणि चालू करायच्या आधी कागद पुढे केला. "फिलोमेना, आधी काय?"

"त्याचा आवाज."

"मग?"

"मग काही नाही."

'वाचन' नावाच्या फोल्डरमध्ये अकरा फाइली होत्या. एकेक उतरवायला घेतली. सात आल्या. आठवी अर्ध्यावर थांबली, डिस्कने दोन ठोके दिले आणि पडद्यावरून तिचं नावच गेलं. थंड होऊ दिली, पुन्हा जोडली, अगदी देवाचं नाव घेऊन जोडली. काही नाही. मला फिलोमेनाकडे बघवेना. ती म्हणाली, "आहे ते लावा, बाई."

इनास वाचायला लागला. स्वच्छ, ठाम, प्रत्येक स्वल्पविरामाला थांबत. सहा फाइली आम्ही हललो नाही. सहावी संपल्यावर फिलोमेना हळूच म्हणाली, "छान वाचतो. पण हा चर्चमधला इनास, बाई. घरात असा नव्हता बोलत." आणि रडू लागली. ते थांबणं, ते श्वास घेणं माझंच शिकवलेलं.

सातवी लावली. ही पुसायची राहिली असावी. दुसऱ्याच ओळीत तो अडकला. परत सुरुवात, परत तिथेच. मागे भांड्यांचा आवाज आणि लांबून फिलोमेनाची हाक. त्यांच्या घरच्या बोलीतली, मी आपली माझ्या मराठीत लिहिते: "भात निवतोय, येतोस का?"

"आ... आ... आलो गं. एवढं एकदा नी... नीट होऊ दे. आलोच."

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला आणि फाइल संपली. फिलोमेनाने पदराने डोळे पुसले आणि पडद्याकडे बघत त्याच बोलीत म्हणाली, "नीटच आहे रे. ये."