पहिल्या मॅपची पैज

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही, आणि तिला माझं सगळंच माहीत असतं. घाबरू नका, खून-बिन नाही. हसू येईल असंच आहे. मलाही कितीतरी वर्षं हसूच यायचं — म्हणून तर सांगायचं राहिलं.

दुष्काळाची वर्षं होती. शहराच्या टोकाला, गारखेड्याच्या पुढं नव्या इमारती भराभर उठत होत्या, नळ मात्र कोरडे. तशाच एका इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, मी आणि वसीम खोली करून राहायचो. वसीम पिशोरचा, माझ्याच कॉलेजातला. आमच्या घराण्यात पूर्वी भिक्षुकी, म्हणून तो मला पंडत म्हणायचा. दोघांना वेड एकच — कॉम्प्युटरवरच्या गोळीबाराच्या गेमचे सामने. पाच विरुद्ध पाच, तीन मॅप, म्हणजे तीन मैदानं. दोन जिंकेल त्याची मॅच. सामने परदेशात व्हायचे आणि आमचं नेट रडकं. मग वसीम मुकुंदवाडीतल्या त्याच्या मामूच्या मोबाइलच्या दुकानातून मॅच पेनड्राइव्हवर आणायचा आणि आम्ही रविवारी दुपारी बघायचो. शपथ एकच — निकाल आधी बघायचा नाही.

पैज फक्त पहिल्या मॅपवर. का? तर अख्खी मॅच संपेपर्यंत टँकर कुठं थांबतोय? पहिला मॅप संपतो न संपतो तोच खाली हॉर्न वाजायचा. अंदाज चुकला त्यानं कॅन घेऊन रांगेत उभं राहायचं आणि पाणी तीन मजले वर आणायचं.

मी निकाल बघायचो. सकाळीच, संडासात बसून, मोबाइलवर.

झालं, सांगितलं — पण एवढ्यावर भागलं असतं तर तुमचा वेळ कशाला घेतला असता?

वसीमला गेम लई कळायचा. कोणता संघ कुठं दबतो, कोण घाई करतो, सगळं सांगायचा, आणि बहुतेक वेळा बरोबर नावावर यायचा. मग मी काय करायचो? नुसतं गालात हसायचो. "बघ बाबा, तुझी मर्जी." त्याचा चेहरा पडायचा. "मग नक्को?" "मी कुठं काय म्हणतोय?" आणि तो नाव बदलायचा. त्यानं सोडलेलं नाव मी उचलायचो. संशय नको म्हणून मधून मधून हरायचोही — टँकर येणार नाही असं वॉचमननं सांगितलेलं असेल, त्याच दिवशी. डोकं बघा माझं.

अख्खा उन्हाळा त्यानं पाणी वाहिलं. वर येऊन, घाम पुसत, मलाच म्हणायचा, "मानलं बरं तुला, पंडत."

मग कॉलेजची टीम निघाली. कोणता मॅप घ्यायचा, कसं खेळायचं, हे ठरवायला कॅप्टन पाहिजे होता. पोरांना वसीमच पाहिजे होता, आणि त्याला तर दुसरं स्वप्नच नव्हतं. पण तोच सगळ्यांसमोर हसत म्हणाला, "मेरेकू नक्को. मला साधा पहिला मॅप कळत नाय. पंडतला घ्या."

तेव्हा तरी तोंड उघडायचं की नाही?

मी कॅप्टन झालो. पहिल्याच फेरीत आम्ही असे उताणे पडलो की समोरचे खेळाडू सांत्वनाला आले. वसीमनंच मला चहा पाजला. त्यानं मात्र खेळणं सोडलं — आपलं काम नाय ते, म्हणाला — आणि मामूच्या दुकानात बसायला लागला.

परवा त्याचा फोन आला. एक फायनल सुरू व्हायची होती. "पहिला मॅप कोणाचा, पंडत?" म्हटलं, तूच सांग की. तर लागला सांगायला — कोण कुठं दबेल, कोण घाई करेल, सगळं नेमकं. नाव घ्यायच्या तोंडावर थांबला. "जाऊ दे, मला कुठं कळतंय त्यातलं. तू सांग."

त्याच्या बोलण्यातून जे नाव निघत होतं, तेच मी घेतलं. तासाभरानं पुन्हा फोन. "बरोबर निघालं. तुला कसं रे कळतं?"

कळतं, म्हणालो.