दोन्हीकडे तीच नाणी

बोदवडच्या स्टेशन रस्त्यावर खाजाभाई पिंजारींचं गाद्यांचं दुकान आहे. त्यांची थोरली मुलगी जीनत सरकारी फेलोशिपवर गणितात पीएच.डी. करतेय, हे आख्ख्या गावाला माहीत होतं. प्रबंधाचा पायाच खचलेला आहे, हे मात्र फक्त जीनतला माहीत होतं. आणि कळल्यापासून तिला अन्न गोड लागत नव्हतं.

तिचं काम लहरींच्या बेरजांचं. एकात एक लहर मिसळत जायची, आणि प्रत्येक लहर मिळवायची की वजा करायची, हे नाणं उडवून ठरवायचं. अशी बेरीज कधी ताळ्यावर राहते आणि कधी हाताबाहेर जाते, हा तिचा प्रश्न. धुळ्याच्या एका कॉलेजातले गिरधर सर तिचे गाईड. दोघांनी मिळून एक प्रमेय सिद्ध केलं, ते परदेशी नियतकालिकात छापून आलं, आणि खाजाभाईंनी ते पान लॅमिनेट करून दुकानात टांगलं.

चूक सापडली ती फळ्यावर. जळगावला विद्यापीठात एम.एस्सी.च्या मुलांना ती आपलीच सिद्धता समजावत होती. बेरजेचे दोन तुकडे केले, "हे दोन्ही एकमेकांपासून स्वतंत्र," असं म्हणाली, आणि खडू जागच्या जागी थांबला. स्वतंत्र कसे? दोन्ही तुकड्यांत तीच नाणी उडवलेली होती. इकडे छापा पडला की तिकडेही छापाच.

"मॅडम, पुढे?" कुणीतरी विचारलं.

"आज इथवरच," म्हणून तिने फळा पुसला.

चार-पाच दिवस तिने सिद्धता सांधण्याचा प्रयत्न केला. जमेना, तशी धुळ्याची एसटी पकडली. सरांनी कागद दोनदा वाचले, चष्मा काढून टेबलावर ठेवला. गडबडले की ते घरच्या बोलीवर येत.

"बठ्ठं व्हई जाई. होईल सगळं नीट. एखादी अट वाढवू."

"वाढवून पाहिली, सर. नाही बसत."

सरांनी कागद बाजूला सारले. "मग आत्ता गप्प राहा, जीनत. तुझी तिन्ही प्रकरणं यावर उभी आहेत. माझी निवृत्ती तोंडावर आलीय. आधी डिग्री पदरात पडू दे, मग बघू."

दुसरं कुणी असतं तर ती भांडली असती. पण पोरीला जळगावला एकटी कशी ठेवू म्हणून खाजाभाई अडून बसले होते, तेव्हा हेच सर बोदवडला येऊन दुकानातल्या कापसाच्या ढिगाशेजारी तासभर त्यांची समजूत घालत बसले होते. त्या माणसाला जगासमोर खोटं पाडायचं? आणि गप्प राहायचं तर रोज स्वतःलाच फसवायचं?

वार्षिक सादरीकरणात तिने तेच प्रमेय मांडलं. ती ओळ तिने सावकाश वाचली. समोर बाहेरून आलेले तज्ज्ञ बसले होते. आता कुणीतरी अडवेल, आपली सुटका होईल, असं तिला वाटत होतं. कुणी अडवलं नाही. टाळ्या वाजल्या. "उत्तम प्रगती," असा शेरा मिळाला. बाहेर येऊन ती जिन्यावर बसली तेव्हा तिला रडूही येईना.

पुढचा प्रगती अहवाल भरायची वेळ आली, तेव्हा मात्र तिचा हात चालला नाही. सरांना फोन करून म्हणाली, "हे सिद्ध झालंय असं मी पुन्हा लिहिणार नाही, सर." सरांनी फोन ठेवून दिला. अहवाल गेला नाही, तशी फेलोशिप थांबली. जळगावची खोली सोडून ती बोदवडला परतली.

तिथेही सुटका नव्हतीच. गिऱ्हाईक आलं की खाजाभाई भिंतीकडे बोट दाखवायचे. एकदा तिने विचारलंच, "अब्बा, ते पान उतरवता का? त्यात चूक आहे."

"छापलंय ना?" खाजाभाईंना समजेना. "बेटा, सरांशी वाद घालू नकोस. त्यांच्यामुळे तू इथवर आलीस."

ती माजघरात जाऊन बसली. त्या दुपारी आबेदाबींनी, तिच्या आईने, न विचारताच पान खिळ्यावरून काढून तिच्या हातात दिलं. "तू म्हणतेस तर असेल चूक," एवढंच म्हणाल्या.

उन्हाळा संपता संपता सरांचा फोन आला. आवाज थकलेला होता.

"सुट्टीभर तेच करत बसलो होतो, जीनत. मलाही नाही बसलं."

"हो, सर."

"दुरुस्ती कळवू. मजकूर तू लिही. माझं नाव आधी घाल, चूक माझ्याही नजरेतून सुटली."

दुरुस्ती छापून आली. सर निवृत्त झाले. समारंभात त्या पेपरचा उल्लेख कुणी केला नाही. फेलोशिप पुन्हा सुरू झाली, पण वाया गेलेला काळ काही वाढवून मिळाला नाही. आता जीनतच्या हाती आहे ते मूळ प्रमेयाचं लहानसं रूप. लहरी एकमेकींपासून खूप दूर असतील तरच ते चालतं. एवढ्यावर प्रबंध उभा राहील की नाही, हे सरांनाही सांगता येत नाही.

तरी दर आठवड्याला ती धुळ्याला जाते. सरांच्या घरी जेवणाच्या टेबलावर कागद पसरतात. परवा तिने एक ओळ लिहिली, तर सरांनी पेन्सिल उचलून तिथेच टेकवली.

"हे कशावरून?"

जीनत सांगू लागली.