दाढेतली चांदी

लग्नाला दोन वर्षं झाली होती, तेव्हा नवऱ्याने गोंदियाला जाऊन किडलेल्या दाढेत चांदी भरून घेतली. खैरलांजीकडच्या आमच्या गावात त्याची अपूर्वाई होती. जांभई देतानाही तो तोंड जरा जास्तच उघडायचा.

काही महिन्यांनी त्या दाढेजवळ गालाला आतून आग व्हायला लागली. पांढरे चट्टे उठले, मध्ये लालभडक सोललेलं. घास घेतला की तो ताट भिरकावायचा. मी तिखट बंद केलं, तरी आग होतीच. मग एक दिवस आरशात त्याला हिरडीवर निळाकाळा डाग दिसला.

सासू म्हणाली, "असा रंग जहराचाच असते."

त्याने मला केस धरून चुलीपाशी ओढलं. "काय टाकून राह्यली माह्या जेवनात?"

"काहीच नाही. मी बी त्याच गंजातला भात जेवली ना!"

"मंग हे खाय!" म्हणत त्याने पळीभर वाफाळता भात माझ्या तोंडात कोंबला. जीभ, टाळू भाजली. सासू दारात उभी होती. त्याचा हात पुन्हा आला, तेव्हा मी तो दातांत धरला आणि रक्ताची चव आली तरी सोडला नाही. तो ओरडत चिमट्याने मारत राहिला. खांद्याचं हाड मोडलेलं मला ऐकू आलं. शेजाऱ्यांनी आम्हाला ओढून वेगळं केलं आणि दोघांनाही बालाघाटला नेलं.

हाड बसवणाऱ्या डॉक्टरांनी कारण विचारलं. मी सांगितलं. त्यांनी नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि आम्हाला दाताच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

ते म्हणाले, "जहर नाही हे. या चांदीत पारा असतो. काहींच्या गालाला तो सोसत नाही. हा डागही तिचाच, भरताना भुगा हिरडीत शिरला." त्यांनी चांदी काढून पांढरा मसाला भरला.

"मंग मले काहून मारलं?" मी विचारलं. फोडांमुळे शब्द नीट फुटत नव्हते. नवरा खाली बघून चप्पल घालत होता.

मी तिथूनच लालबर्‍याच्या बसमध्ये बसले, माहेरी गेले.

धानाची कापणी झाल्यावर तो आला. गाल बरा झाला होता, डाग तसाच होता. भाऊ काठी घेऊन ओसरीवर बसला.

"पुन्हा हात उचलला तर?" मी विचारलं.

"नाही उचलत. मायची चूल बी वेगळी केली."

मी गेले. त्याने शब्द पाळला. पण पहिला घास मी खाईपर्यंत तो थांबायचा. मीही त्याला थांबवून ठेवायची, कधीकधी भात निवेपर्यंत.