काळी तार एकच लागते

नातवंडांनो, तुमच्या बाबांनी तुम्हाला फोनवर सांगितलं की आजीनं तुमचा संगणक जाळला. दिवाळीत तुम्ही याल आणि कपाट उघडाल. त्याआधी काय झालं ते क्रमानं लिहून ठेवते.

मागच्या सुट्टीत तुम्ही खेळण्यातली गाडी अर्धीच सोडून गेलात. तळहाताएवढा संगणक, दोन छोट्या मोटरी, बॅटरी, संगणक आणि मोटरींच्या मधली चिप आणि इंग्रजी पत्रक. प्रोग्राम तुम्ही आत घालून ठेवलाच होता. मी त्याला हात लावणार नव्हते. पण ब्रह्मपुरीच्या आपल्या गच्चीवर वानरांनी मुगवड्यांचं ताट दोनदा फस्त केलं आणि तुमचे बाबा म्हणाले, "आई, सोड आता. वड्या इथे दुकानात मिळतात." तिसऱ्यांदा वड्या घातल्या त्या केवळ या वाक्यामुळे. वानरं बिचकावीत म्हणून मोटरींना काड्या बांधून चकचकीत कागद फिरवायचा, असा बेत होता.

पत्रक मी लाल पेन्सिलीनं खुणा करत वाचलं. मोटर थेट संगणकाला जोडायची नाही. संगणक नुसता हुकूम सोडतो, ताकद बॅटरीची, आणि तामील करते मधली चिप. सरकारी कचेरी पाहिलेल्या माणसाला यात नवीन काही नव्हतं. दोघांची वीज वेगळी, हे तर मला फारच पटलं. माझ्या घरात उपासाची कढई आणि रोजची कढई एका फळीवर बसत नाहीत. तारा मी तशाच वेगळ्या ठेवल्या, सुतानं बांधून.

मोटर हलली नाही.

कोपऱ्यावर जळालेल्या पंपांचं वाइंडिंग करते ती माझी जुनी विद्यार्थिनी, इंग्रजीत दोनदा नापास. तिला बोलावलं. तिनं एक नजर टाकली.

"बाई, काळ्या तारा काऊन वेगळ्या ठेवल्या?"

"बॅटरी वेगळी, संगणक वेगळा, म्हणून."

"लाल राहू द्या न वेगळी. काळी एकच लागते, नाई तर चिपले हुकूम समजतच नाई. कागदात नसन लिहिलं."

कागदात होतं. त्याखाली माझी लाल रेघही होती.

"वर्गात तर सांगत होत्या, वाक्य पुरं वाचा म्हून," असं म्हणत तिनं काळ्या तारा जोडून दिल्या. मोटरी फिरल्या.

दोन दिवस वानरं फिरकली नाहीत. तिसऱ्या दिवशी एक थोराड वानर कठड्यावर बसून काड्यांचं फिरणं बघत राहिलं, शाळा तपासायला आलेल्या साहेबासारखं. मग त्यानं एक काडी मोटरीसकट उपटली. त्या ओढाताणीत बॅटरीची लाल तार संगणकावर पडली. धूर निघाला तेव्हा मी जिन्याच्या दारातच होते. धुराला बिचकून वानर मोटर घेऊनच पळालं, वड्यांना तोंड न लावता.

संगणक गेला. एक मोटर समोरच्या चिंचेवर लटकते आहे. दुसरी मोटर आणि चिप चालू आहेत, माझ्या विद्यार्थिनीनं तपासून दिल्या. वड्यांचा डबा भरला आहे.