बापूमामा बसले

सर्व संबंधितांस कळविण्यात येते की, रायपूरनिवासी आमचे बापूमामा आज एका जागी बसले आहेत. नातेवाइकांनी घाबरून जाऊ नये. हे त्यांनी स्वखुशीने केलेले नसून डॉक्टरांच्या हुकमाने केले आहे.

हा निरोप मी खरोखरच सगळ्या नातेवाइकांना धाडला होता, आणि नागपूरहून चार जणांनी काळजीनं फोन केले. कारण मामांना बसलेलं कुणी पाहिलंच नव्हतं. सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले, पण त्यांची पाळी काही संपली नाही. कुणाकडेही गेले की थेट स्वयंपाकघरात शिरून गॅसची नळी तपासायचे, पंखा कुरकुरला की पाना मागायचे. "बसा ना मामा," म्हटलं की उत्तर ठरलेलं, "बसून का अंडे द्याचे हायेत?"

उजवा डोळा कारखान्यातल्या एका ठिणगीनं केव्हाच नेला होता. सगळी धावपळ डाव्याच्या भरवशावर. त्या डाव्याच्याच आतला पडदा सुटला. "अवं, कोनीतरी काळं फडकं ओढून राहिलं डोळ्यावर," असं मामींना म्हणाले, तेही चालता चालता.

ऑपरेशनच्या सकाळी नर्सनं थेंब टाकले आणि डोळे मिटून पडायला सांगितलं. थोड्या वेळानं पाहतो तर पलंग रिकामा! मामा हिरव्या झग्यात, डोळे मात्र इमानदारीनं मिटलेले, बाहेरच्या स्ट्रेचरचं चाक चाचपत होते. "दीदी, इसका नट ढीला है. कोई गिरेगा."

ऑपरेशन पार पडलं. डोळ्यात वायूचा फुगा भरला होता. तो वर चढून पडदा दाबून धरणार, म्हणून मामांनी आठवडाभर मान खाली ठेवायची, जेवताना, झोपतानासुद्धा. मान वर गेली आणि पडदा पुन्हा सुटला, तर दुसरा डोळा नव्हता.

टेबलावर उशी, उशीवर कपाळ. टेबलाखाली पाय मात्र शिवणयंत्र चालवल्यासारखे हलत. भेटायला येणाऱ्याला पावलांच्या आवाजावरून ओळखायचे. "काहून बे, टाच घासून चालतं का? चप्पल झिजते ना!"

"डॉक्टर तोंडाले पट्टी बांधाची इसरले," मामी म्हणायच्या.

आता इथली एक रीत सांगायला हवी. छत्तीसगडात भाचा-भाची म्हणजे देव. मामानं त्यांच्या पाया पडायचं, त्यांच्याकडून पडून घ्यायचं नाही. जन्म इथं गेल्यामुळे मामांनी ती रीत मनापासून उचललेली. माझी पावलं वाजली की वाकलेले मामा आणखी वाकायचे. मीही अडवत नसे. मान खालीच जाते आहे ना!

मग नागपूरहून माझी धाकटी बहीण वैशाली आली. तिला हे काही ठाऊक नव्हतं. आजारी मामा दिसताच "मामा!" म्हणत ती वाकली आणि तिनं त्यांच्या पायांना हात लावला.

"अवं पोट्टे, मले पाप लावतं का!" मामा ताडकन उभे. मान सरळ, तोंड छताकडे.

"खाली!" मामींनी दोन्ही हातांनी मानगूट दाबली.

वैशालीला रडू फुटलं. "मामा, दिसतं का?"

"नुसता फुगा डुलून राहिला." मग अगदी हळू, "फडकं परत आलं तं?"

वायू विरल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्या दिवसापासून टेबलाखालचे पाय थांबले. मामा स्वस्थ, आणि घरभर येरझारा आम्ही घालू लागलो. मामी तर त्यांचा पाना उगाचच पुसून ठेवायच्या. डोळ्यावरची पट्टी दुसऱ्याच दिवशी निघाली होती, तरी फुग्यापायी मामांना सगळं पाण्यातून पाहिल्यासारखं दिसे. काय दिसलं ते विचारायचा धीर कुणाला नव्हता.

महिन्याभरानं फुगा विरला. डॉक्टरांनी दिव्याच्या उजेडात डोळा तपासला आणि मास्क काढून ते समोर उभे राहिले. "बाबूजी, मैं दिख रहा हूँ?"

आधी फडकं, मग फुगा, वर डॉक्टरांचा मास्क; मामांनी त्यांना आजवर फक्त ऐकलं होतं. खर्जातला भारदस्त आवाज; त्याच्यापुढे ते हात जोडूनच बसायचे. आता त्यांनी डोळा बारीक केला, डॉक्टरांना टाळूपासून हनुवटीपर्यंत न्याहाळलं आणि मामींकडे वळून ओरडले,

"अवं, हा तं पोट्टा हाये! मिशी बी फुटली नाई! आधी दिसला असता तं मी आपरेशनच्या टेबलावर झोपलोच नसतो!"