बाबांनी न केलेली सही

आज ज्याला आयटी म्हणतात त्याला माझ्या वेळी नुसतं कॉम्प्युटर म्हणत. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी बारावी झालो, तेव्हा ठाण्याच्या एका कॉलेजात बीएस्सीला कॉम्प्युटरचा वर्ग निघून एकच वर्ष झालं होतं. जागा चाळीस. मला फिजिक्स, केमिस्ट्री, गणित मिळून तीनशेपैकी दोनशे सेहेचाळीस, म्हणजे ब्याऐंशी टक्के. यादी त्र्याऐंशीला बंद झाली आणि प्रतीक्षायादीत माझा नंबर चौथा लागला. इंजिनिअरिंगच्या याद्या लागल्या की इथली मुलं सोडून जातात, गेल्या वर्षी अकरा गेली, असं खिडकीवरचा कारकून म्हणाला. मला चारच जायला हवी होती.

शहाडच्या घरी मी तयारीला लागलो. कॉम्प्युटर तोवर एकदाच, तोही काचेपलीकडून पाहिला होता. वाचनालयातून बेसिक भाषेचं पुस्तक आणलं. चौकटीच्या वहीत प्रोग्रॅम लिहायचो आणि मग स्वतःच कॉम्प्युटर होऊन एकेक ओळ हाताने चालवायचो. एक ते शंभरमधल्या मूळ संख्या मोजायच्या प्रोग्रॅमला सव्वादोन तास लागले आणि उत्तर सव्वीस आलं. पंचवीस यायला हवं होतं. एक हा आकडा वगळायचा राहिला होता. ती चूक सापडली त्या दुपारी जेवढा आनंद झाला, तेवढा पुढे कुठल्याच बढतीने झाला नाही. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला-बूट बाहेर काढायला लावतात हे ऐकून आईने मोज्यांचे दोन नवे जोड आणले. म्हणाली, "चारचौघांत भोकं दिसायला नकोत."

बाबा मोहन्याच्या कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. ट्रक काट्यावर पूर्ण स्थिर झाल्याशिवाय ते आकडा लिहीत नसत. मागे रांग लागली, ड्रायव्हर ओरडले, तरी नाही. घरीही तसंच. लाइट बिलावरचं रीडिंग मीटरशी ताडून पाहिल्याशिवाय ते बिल भरत नसत.

हातात काहीतरी असावं म्हणून कल्याणच्या एका कॉलेजात साध्या बीएस्सीला प्रवेश घ्यायचं ठरलं. तिथल्या बाईंनी फॉर्म तपासला आणि न विचारताच म्हणाल्या, "लिव्हिंग सर्टिफिकेट मिळायचंय ना अजून? तसं लिहून द्या, पंधरा दिवसांत आणा. सगळे तेच करतात."

त्या काय सुचवत होत्या ते मला कळलं. मूळ दाखला एकच असतो. तो एकदा दिला की दुसरीकडे जाता येत नाही. म्हणून मुलं तो घरी ठेवत आणि दोन-दोन ठिकाणी जागा धरत.

बाबांनी फाईल उघडली. "मिळालंय की. हे काय."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी गप्प बसलो. यातला माझा वाटा एवढा, आणि तो मी कधी नाकारलेला नाही.

अकरा दिवसांनी, शुक्रवारी सकाळी, ठाण्याच्या फळ्यावर माझं नाव लागलं. मुदत शनिवारी दुपारी बारापर्यंत, सोबत मूळ दाखला. मी तसाच कल्याणला गेलो. बाईंनी प्रवेश रद्द करण्याचा अर्ज लिहून घेतला, ज्या ग्रंथालयाचं कार्डही मला मिळालं नव्हतं तिथून काही येणं नसल्याचा शिक्का आणायला लावला आणि मग सांगितलं की प्राचार्य बाहेरगावी आहेत, सही सोमवारी.

शनिवारी बाबा रजा टाकून माझ्याबरोबर ठाण्याला आले. साडेअकरा झाले होते. कारकुनाने छापील हमीपत्र पुढे सरकवलं. 'दाखला अद्याप मिळालेला नाही, मिळताच सादर करीन.' खाली पालकांची सही.

बाबांनी ते दोनदा वाचलं. "मिळालेला नाही कसं लिहू? मिळालाय. कल्याणला जमा आहे."

"काका, हा कागद कोणी वाचत नाही."

"मी वाचला ना."

"मग वाचून सही करा."

"मी खरं काय ते हाताने लिहून देतो. सोमवारी दाखला आणतो."

कारकून माणूस वाईट नव्हता. त्याने आवाज खाली आणला. "दुसरीकडे प्रवेश असलेला मुलगा मला घेताच येत नाही. तसं लिहून दिलंत तर तुमचा फॉर्म मलाच परत करावा लागेल. हे लिहिलंत तर घेतो. बघा तुम्ही."

मी म्हटलं, "बाबा, करा ना सही."

"खोट्यावर?"

"माझ्यासाठी."

त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशाला अडकवलं.

प्रतीक्षायादीतली पाचवी मुलगी डोंबिवलीची. ती आमच्या मागेच उभी होती. बारा वाजले तशी कारकुनाने तिला पुढे बोलावलं. तिच्या वडिलांनी त्याच छापील कागदावर खिडकीच्या कठड्याला टेकून सही केली. वाचला नाही. दोन सेकंद लागले असतील.

घरी आई एवढंच म्हणाली, "सही करायला हात झिजला असता का?" बाबा हातपाय धुवायला मोरीत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत.

सोमवारी साडेदहाला दाखला हातात पडला. बाबा पुन्हा माझ्याबरोबर ठाण्याला आले, का ते मला अजून समजत नाही. कारकुनाने रजिस्टर फिरवून आमच्या बाजूला केलं. चाळीसच्या चाळीस नावं भरलेली. बाबांनी ती वरून खाली सगळी वाचली. मग आम्ही कल्याणला आलो. तिथला माझा प्रवेश माझ्याच अर्जाप्रमाणे रीतसर रद्द झाला होता आणि गणिताचा गट भरला होता. बाईंनी वनस्पतिशास्त्र दिलं. तीन वर्षं मी पानांचे उभे-आडवे छेद काढले, ते पाचवी-सहावीच्या मुलाने काढावेत तसे यायचे. पदवी झाली आणि एका गोदामाच्या ऑफिसात स्टॉकची रजिस्टरं हातात आली. आकडे मिळाले, एवढंच.

बाबांशी मी या विषयावर एकदाच बोललो, नोकरी लागल्यावर. ते म्हणाले, "तू शिकलास ना? नोकरी लागली ना? मग गेलं काय?" मी मोजून सांगू शकलो असतो. नाही सांगितलं.

ते गेले तेव्हा कारखान्यातले जुने लोक दहाव्याला आले होते. जो तो तेच सांगत होता, माणूस सरळ, आयुष्यात खोट्या कागदावर सही केली नाही. मी हात जोडून मान हलवत होतो. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. फक्त, बोलणाऱ्यांपैकी कोणाचंच त्या सरळपणात काही गेलं नव्हतं.